जाड आहारतज्ज्ञाची साक्ष

माझ्या केबिनमध्ये शिरणारा पेशंट आधी मला बघायचा, मग मागे वळून दारावरची पाटी पुन्हा वाचायचा. पाटीवर गुजरातीत ‘डायेटिशियन’ असं लिहिलेलं होतं. पाटीचा आणि खुर्चीतल्या बाईचा मेळ काही बसत नाही, हे त्याच्या तोंडावर स्वच्छ दिसायचं. काही जण सभ्य असायचे, ते लगेच खाली बघायचे. एक शेठ मात्र खुर्चीवर बसता बसता म्हणाले, “बेन, तमे पोते कोने बतावो छो?” म्हणजे तुम्ही स्वतः कोणाला दाखवता? मी हसले. अशा वेळी हसणं मला चांगलं जमायचं. ते गेल्यावर दार लावून घेऊन थोडा वेळ बसायचे, ते कोणाला दिसत नसे.

सुरतेच्या एका ट्रस्टच्या इस्पितळात मी सगळी नोकरी काढली आणि यंदा निवृत्त झाले. लागले तेव्हा शिडशिडीत होते. चाळिशीनंतर अंग सुटायला लागलं. लोकांना देत होते तोच तक्ता मीही पाळला. वजन उतरायचं, जरा थांबायचं आणि पहिल्यापेक्षा जास्त होऊन परत यायचं. एकदा इस्पितळाच्या जाहिरातीसाठी आमच्या विभागाचा फोटो काढायचा होता. फोटोवाल्याने मला गोड आवाजात टेबलाच्या मागे बसवलं, टेबलावर फळांची मोठी परडी ठेवली आणि तरीही छापून आला तेव्हा फोटोत फक्त परडी आणि माझी सडपातळ ज्युनियर होती. मी चौकशी केली नाही. काय चौकशी करणार?

आमचा धंदा बाहेरच्या माणसाला सोपा वाटतो. हे खा, ते खाऊ नका, झालं. प्रत्यक्षात निम्मं काम पोलिसाचं असतं. काल सकाळी उठल्यापासून तोंडात काय काय गेलं, हे माणसाकडून काढून घ्यायचं. सुरतेत हे महाकठीण, कारण इथे नाश्त्याला खाणं म्हणतच नाहीत. “कंई नथी खाधुं, बेन,” काहीच खाल्लं नाही, असं शपथेवर सांगणाऱ्या बाईने सकाळी लोचो आणि संध्याकाळी सेव-खमणी खाल्लेली असते, पण ती दोन्ही तिच्या हिशेबी हवेत विरलेली असतात. आमचे खानदेशी लोक ‘दोनच भाकरी’ म्हणतात, पण भाकरी केवढी ते सांगत नाहीत, आणि रश्श्यावरच्या तेलाचं तर नावच काढत नाहीत. चांदनी पडव्याला, म्हणजे कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी, अख्खं शहर घारी ही तुपात थबथबलेली मिठाई खातं. त्याच्या आदल्या आठवड्यात माझ्याकडे पेशंट येत ते एका दिवसाची सुट्टी मागायला. मी म्हणायचे, अर्धी खा. त्यांना कळायचं की या बाईला अर्धी म्हणजे काय ते ठाऊक असणार नाही.

तर लोक खोटं बोलतात हे आमच्या धंद्यातलं पहिलं गृहीत. संगीता माझ्यासमोर बसली आणि “मॅडम, मी हिला जास्तीचं काही देत नाही हो,” म्हणाली, तेव्हा खोलीतल्या कोणीच तिच्यावर विश्वास ठेवला नाही. शेजारी तिची सासू बसली होती, आणि दोघींच्या मध्ये संगीताची मुलगी तेजल. पाचवीतली पोर, पण अंगाने एखाद्या बाईएवढी. शाळेचा फ्रॉक उसवून बाजूंना दुसऱ्या कापडाच्या पट्ट्या लावलेल्या होत्या.

ही मंडळी सुरतेतल्याच लिंबायत भागातली. तेजलचे वडील सुनील पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये कामाला, संगीता घरी साड्यांवर स्टोन चिकटवायची. मूळ गाव अमळनेरकडचं. वर्षभरापूर्वी तेजलचं डोकं दुखायला लागलं, फळ्यावरचं दिसेना, आणि मेंदूच्या तळाशी गाठ निघाली. दुसऱ्या मोठ्या इस्पितळात ऑपरेशन झालं. पोर वाचली. ऑपरेशनच्या खोलीच्या दारात सासूने देवीला नवस बोलला होता, पोर जिवंत बाहेर आली तर तिची गूळतुला करीन. तागडीच्या एका पारड्यात पोर, दुसऱ्यात तिच्या वजनाइतका गूळ, आणि तो गूळ सगळ्या गल्लीला प्रसाद. खानदेशात हा नवस बोलतात आणि फेडतातही.

पण पोर घरी आली ती खायलाच लागली. भात उतरायच्या आत भांड्यात हात, शेजारच्यांच्या घरात शिरून डबे उघडणं. आणि वजन असं वाढलं की बघणाऱ्याला भीती वाटावी. एवढी जाड पोर भाऊबंदांसमोर पारड्यात कशी बसवायची, म्हणून सासूने ठरवलं की आधी ही बारीक होऊ दे, मग तुला करू. स्वयंपाकघराला कुलूप लागलं. पोर आणखी फुगली. मग सासूने दुसरं ठरवलं. संगीता चोरून खाऊ घालते, तेव्हा पोरीला गावी तिच्या आत्याकडे ठेवायचं. तिकडे दिवसाला एक भाकरी देऊन सरळ करतील, आणि सरळ झाली की तुला.

आमच्या हार्मोनच्या डॉक्टरबाई हे ऐकून हादरल्या. ऑपरेशननंतर तेजलला रोज गोळ्या होत्या, आणि त्यातली एक चुकली आणि त्यात पोर आजारी पडली, तर जिवावर बेतण्यासारखं होतं. गावी उपाशी ठेवलेल्या पोरीच्या गोळ्या कोण बघणार? डॉक्टरबाईंनी सासूला समजावलं, सुनीलला बोलावून समजावलं. ती भाषा त्यांच्या डोक्यावरून गेली. मग त्या मला म्हणाल्या, “तुम्ही त्यांच्यातल्या आहात, तुम्ही सांगा.”

मी सांगितलं. अगोदर मला स्वतःला ते नीट समजून घ्यावं लागलं, कारण आमच्या अभ्यासक्रमात हे नव्हतं. आपण मेंदू म्हणतो तेव्हा विचार करणाऱ्या, निरोप पाठवणाऱ्या चेतापेशी डोळ्यांसमोर येतात. पण मेंदूत त्यांच्या जोडीला आधार देणाऱ्या पेशीही भरपूर असतात. जुन्या शास्त्रज्ञांना वाटायचं की त्यांचं काम नुसतं भरावाचं, म्हणून त्यांना डिंकाच्या अर्थाचं नाव पडलं. आता कळतंय की त्याच पेशी चेतापेशींना खाऊ-पिऊ घालतात, रक्तात साखर किती आली, अंगात चरबी किती साठली याची खबर आत पोचवतात, आणि पोट भरलं, आता बास, हे ठरवण्यात त्यांचाही हात असतो. मेंदूच्या तळाशी जिथे भुकेचा कारभार चालतो, तिथे तर फार. तेजलची गाठ तिथेच होती, आणि ती गाठ यातल्याच ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या आधारपेशींची होती. गाठ काढताना ती जागाही दुखावली. आता अंगात कितीही साठा असो, तिच्या मेंदूला वाटतं की आपण उपाशी मरतोय. तो भूक वाढवतो आणि खर्चाला हात आखडता घेतो. मोजून दिलं तरी चरबीच साठते.

संगीताला हे पटकन कळलं. “डिंक गेला की स्टोन राहतो का मॅडम?” ती म्हणाली. सासूने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, “आनि तुमन्या डोकामा बी गाठ व्हती का, बाई?”

बाहेरच्या बाकावरचे लोक हसले. आत औषधं लावत असलेली सिस्टरही हसली, मग तिने खोकल्यासारखं केलं. माझे कान तापले. मी म्हणाले, नाही, माझ्या डोक्यात गाठ नव्हती.

शेवटी मी एक मार्ग काढला. पोरीला आठवडाभर वॉर्डात ठेवू. संगीताने यायचंच नाही. ताट इस्पितळाच्या स्वयंपाकघरातून माझ्यासमोर मोजून येईल, ताटात उरलेलंही परत मोजलं जाईल. रात्री आजीने तिच्याजवळ राहावं, दिवसा मी आणि आया लक्ष ठेवू. आई नसतानाही वजन वाढलं तर आईचा दोष नाही हे सिद्ध होईल. सासूला ही कसोटी पसंत पडली. तिला खात्री होती.

तो आठवडा मी कधी विसरणार नाही. तेजल हुशार पोर, गुजराती शाळेतली, माझ्याशी अर्धं मराठी अर्धं गुजराती बोलायची. “मॅडम, मने भूख लागे छे,” हे ती रडत म्हणायची नाही, पाऊस पडतोय असं सांगावं तसं सांगायची. मी तिला काकडी द्यायचे, गोष्टी सांगायचे, जिन्यापर्यंत फिरवून आणायचे. ताटापेक्षा एक शीतही जास्त पोटात गेलं नाही. आणि आठवड्याने काट्यावर उभी केली तर वजन वाढलेलं. मला, देवाशपथ, आनंद झाला. पुरावा हाती आला होता.

सासू, सुनील, संगीता सगळ्यांना केबिनमध्ये बोलावून मी काट्याचा आकडा सांगितला. सासूने माझ्या टेबलाच्या उघड्या खणाकडे बोट दाखवलं. चांदनी पडवा नुकताच होऊन गेला होता. एका पेशंटने दिलेला घारीचा डबा त्या खणात होता, अर्धा रिकामा. त्या घाऱ्या मीच खाल्ल्या होत्या, दुपारी, दार लावून.

“रातले मी व्हतू,” सासू म्हणाली. “दिवसले हाई बाई व्हती. हाई बाईनीच पोरले खावाडं व्हई. दखा ना तिनाकडे.”

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सुनीलने डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि त्याला ते खरं वाटलं हे मला दिसलं. संगीतानेही मान खाली घातली. पोर तिची, तिने सगळ्यात जास्त भरवसा माझ्यावर टाकलेला. आणि तिची बाजू मांडायला उभी राहिले तीच मी, जिच्या अंगाकडे बघून कोणीही म्हणावं की ही खात असेल आणि खाऊ घालतही असेल. दुसरी कोणी, ती फोटोतली सडपातळ ज्युनियर, तिथे असती तर तोच आकडा त्यांनी निमूट मान्य केला असता. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. शेठ विचारायचे तेव्हा ती माझी माझ्यापुरती होती. आता तिच्यापायी घरचे एका पोरीला गावी पाठवत होते.

त्या दिवशी मी डॉक्टरबाईंकडे गेले. वयाने माझ्या मुलीएवढ्या त्या. झालेलं सांगितलं, आणि बोलता बोलता, जणू सहजच, विचारलं, “मॅडम, या पेशींचं... गाठ नसलेल्या माणसातही असं काही होतं का हो?” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कळलं त्यांना. म्हणाल्या, “उंदरांना तुपकट खायला घातलं की त्याच जागेच्या आधारपेशी सुजल्यासारख्या होतात, असं दिसलंय. जाड माणसांतही तशा खुणा सापडतायत. पण आधी काय आणि मग काय, हे अजून कोणी छातीठोक सांगू शकत नाही.” मग थोडं थांबून, “तुम्ही स्वतःवर फार रागावता, बेन,” असं म्हणाल्या. मला रडू आलं. मी पोरीचं काम घेऊन गेले होते आणि मध्येच स्वतःसाठी माफी मागून आले होते, याची परत वेगळी लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मी सुनीलला मिलच्या गेटवर गाठलं. रंगाच्या पाण्याची नाली वाहत होती, आत जेट मशिनांची घरघर. मी त्याला म्हणाले, “माझ्यावर विश्वास ठेवू नका. तुम्ही स्वतः या. दिवस-रात्र तुम्हीच पोरीजवळ राहा. ताट दारात तुमच्या हातात देतील. मी त्या खोलीत पाय टाकणार नाही. तुमच्या आईला मी दिसणारसुद्धा नाही.”

“खाडा पडेल, मॅडम,” तो म्हणाला. बराच वेळ पायाने माती उकरत राहिला. मग म्हणाला, “ठीक है. येतो.”

मी बोलल्याप्रमाणे त्या खोलीत गेले नाही. तेजल दारातून हाक मारायची, मी लांबूनच हात करायचे. तिला वाटलं असणार की मी रुसले. हे कसं समजावणार तिला, की मी आत आले तर तुझं वजन खोटं ठरेल?

एका दुपारी सुनील बाहेर आला आणि कॉरिडॉरमध्ये माझ्यासमोर भिंतीला टेकून उभा राहिला. “मी बाथरूममध्ये गेलो होतो,” तो म्हणाला. “आलो तर टूथपेस्ट खात होती. नळी उघडून, पिळून पिळून. मला पाहिलं तर तिने ती माझ्यापुढे धरली. पप्पा, तमने आपुं? तुम्हाला देऊ का, म्हणून विचारते.” त्याने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. “मॅडम, आमच्याकडे मिलमध्ये ओरिसाची पोरं येतात, आल्या दिवशी कशी जेवतात ते मी पाहिलंय. ही चोरी नाही. ही भूक आहे.”

वजन त्याही वेळी वाढलं. सुनीलने ते स्वतः काट्यावर पाहिलं, स्वतः आईला सांगितलं. मी तेव्हा केबिनमध्ये होते, दार अर्धवट उघडं होतं. आई काहीतरी पुटपुटली, गूळ, भाऊबंद, लोक काय म्हणतील. मग सुनीलचा आवाज आला, चढलेला नव्हता, पण स्पष्ट होता. “माय, नवस पोर जगाना व्हता. बारीक व्हवाना नव्हता.”

तेजल गावी गेली नाही. गोळ्या चालू राहिल्या, डॉक्टरबाईंनी औषधं बदलली. ती बारीक झाली नाही, होईल असं कोणी सांगितलंही नाही.

मार्गशीर्षातल्या एका मंगळवारी तुला ठरली. संगीता मला बोलवायला आली. मी नाही म्हणाले. ती म्हणाली, “तेजल म्हणते, मॅडम नाही आल्या तर मी नाही बसणार.” मग गेले.

लिंबायतच्या त्या गल्लीतलं देवीचं देऊळ लहान. पुढच्या मोकळ्या जागेत लाकडी तुळईला तागडी टांगलेली, साखळ्यांना दोन मोठे पाट, शेजारी गुळाच्या ढेपा रचलेल्या. भाऊबंद, शेजारीपाजारी, गल्लीतली यच्चयावत पोरं. त्या पोरांच्या हातात मोबाइल, सगळे वर धरलेले. तेजलला नवा फ्रॉक शिवला होता, कुंकू लावलं होतं. तिने त्या पाटाकडे पाहिलं, मग मोबाइलकडे, आणि आईच्या पदरात तोंड घातलं. संगीताने समजावलं, सुनीलने समजावलं. मागून कोणीतरी म्हणालं, “अरे, तुळई टिकी का?” आणि हशा पिकला. मी तो हशा ओळखला. तो माझ्या ओळखीचाच होता.

मी का उठले ते मला अजून नीट सांगता येत नाही. चपला काढल्या, पाटावर जाऊन बसले. पाट धाडकन जमिनीला टेकला, साखळ्या करकरल्या, आणि अख्खी गल्ली हसली. खुलेआम हसली. मोबाइल माझ्याकडे वळले. मी तेजलकडे हात पुढे केला. ती आली, आणि माझ्या मांडीला मांडी लावून, जवळजवळ माझ्या कुशीत शिरून बसली.

पुजारी गोंधळला. सुनीलच्या चुलत्याने हरकत घेतली, की नवस पोरीच्या नावाचा, या बाई कोण? तेव्हा सासू पुढे आली. तिने माझ्याकडे नीट पाहिलं, इतक्या दिवसांत पहिल्यांदा तोंडाकडे पाहिलं. “बठू द्या,” ती म्हणाली. “दोन्ही जनीस्ले बठू द्या.”

ढेपा चढायला लागल्या. एक एक करत सगळ्या चढल्या, तरी आमचा पाट जमिनीवरच. पोरीच्या हिशेबाने आणलेला गूळ कुठे पुरणार? “कमी पडना,” सासू म्हणाली. “आखो लई या.” सुनील नाक्यावरच्या दुकानाकडे धावला. गर्दीतून एका बाईने हेका धरला, “पण पोरीचं एकटीचं किती भरलं? आकडा तर कळू द्या.” सासू तिच्याकडे वळून म्हणाली, “देवीले माहीत शे.”

आणि खरंच दुसऱ्या कोणालाही कळणार नव्हतं. ती मला इतकी चिकटून बसली होती की तिचं वजन कुठे संपतं आणि माझं कुठे सुरू होतं हे त्या तागडीला सांगता आलं नसतं. लाजेने मी घामाघूम झाले होते. समोर लोक अजून हसत होते, शूटिंग चाललं होतं, पाटाची कड मांडीला रुतत होती. गूळ यायला वेळ लागला. तेजलने माझ्या कानाशी तोंड आणलं आणि हळूच म्हणाली, “मॅडम, इतक्यात उतरता नहीं हं.”

मी बसून राहिले.